ज्वालानंदांची बिनलाकडाची चूल

त्या दिवशी ब्राह्मणपुरीत कापूस वेचायला कोणी गेलं नाही. सारं गाव समाजमंदिरासमोर जमलं होतं. मध्ये ज्वालानंद महाराज आणि त्यांच्यापुढे मातीची चूल. चुलीत लाकूड नाही, गोवरी नाही. नुसतं पांढरं भस्म, आणि वर तांब्याचा गडू. महाराजांनी डोळे मिटून भस्मावर पळीपळीने 'तापीतीर्थ' सोडलं आणि काही पुटपुटले. भाषा संस्कृत असावी. संस्कृतला मात्र ते ठाऊक नसावं. थोड्याच वेळात गडूतलं पाणी खदखदायला लागलं.

"व माय! लाकूड नही, गॅस नही, नि पानी उकयी ऱ्हायनं!" बेबीबाई ओरडली.

तिचं हरखून जाणं समजण्यासारखं होतं. तिचा सिलिंडर दिवाळीपासून रिकामा. भरून आणणं परवडत नव्हतं, म्हणून कोपऱ्यात हळदकुंकू लावून देवासारखा उभा होता. हिरव्या बाभळीच्या धुराने सासू रेवाबाई खोकून खोकून अर्धी झाली होती.

महाराजांचं मन मोठं. पैशाला ते शिवतही नसत.

"एका पुडीत महिनाभर चूल, बेटी! दक्षिणा नको. फक्त घरातला सिलिंडर इथं आणून ठेव. कोंडलेला अग्नी घरात असला की मोकळा अग्नी रुसतो."

अग्नी रुसू नये म्हणून संध्याकाळपर्यंत समाजमंदिरामागे सिलिंडरची रांग लागली. काही भरलेलेही आले. महाराजांनी भेदभाव केला नाही.

गावातलीच शीला दर आठवड्याला ग्रामपंचायतीत बसून कमी इंधनात घर कसं चालवायचं ते बायकांना सांगायची. सरपण वाळवा, डाळ भिजत घाला, भांड्यावर झाकण ठेवा. ऐकायला चार जणी यायच्या, त्यातल्या दोघी चुकून. झाकणात कसला आलाय चमत्कार!

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीबाई रडत तिच्याकडे आली. तळहात लालभडक झाला होता.

"हात वला व्हता. पुडी धरी, नि हात भाजायना व बहीन! महाराज म्हने, तुन्ही श्रद्धा कमी शे."

शीलाने हातावरचं भस्म झटकलं, हात बराच वेळ नळाखाली धरला आणि तिला रेवाबाईबरोबर दवाखान्यात धाडलं. खाली सांडलेलं भस्म भिजून दाटसर पांढरं झालं होतं. भिंती रंगवताना येतो तोच वास. शीलाचं डोकं तापलं. ती किराणा दुकानात जाऊन आली आणि थेट समाजमंदिर गाठलं. तिथं टेम्पोत सिलिंडर चढत होते.

"महाराज, भस्म महिनाभर चालतं ना? मग कालच्या चुलीवरच पाणी उकळून दाखवा."

"कालचं भस्म ध्यानस्थ आहे," महाराज म्हणाले.

"तुन्ही श्रद्धा नही, म्हनीसन तू असं बोलस," नथ्थू शेतकरी तिच्यावर खेकसला.

"मन्ही नही, तुमनी तर शे ना, नथ्थूभाऊ? मंग तुम्हीच टाका पानी."

नथ्थूने मोठ्या भक्तिभावाने पाणी टाकलं. सगळे बघत राहिले. शेवटी त्याने भस्मात बोट घातलं आणि ओशाळून म्हणाला, "थंडगार शे."

मग शीलाने घमेल्यात दुकानातले पांढरे खडे टाकले, त्यावर गडू ठेवला आणि हातपंपाचं पाणी लांबूनच ओतलं. वाफ उसळली. गडूतलं पाणी खदखदलं.

"हा कळीचा चुना. माझी साधना म्हणाल तर किराणा दुकानापर्यंत. चुनखडी भट्टीत भाजून हा करतात. पाणी पडलं की तापतो, एकदाच, मग थंड. शिवाय हात, डोळे जाळतो. फुकटची आग नाही ही, भट्टीत जाळलेल्या कोळशाचीच आहे."

महाराजांना अचानक दुसऱ्या गावची भक्तमंडळी आठवली. पण टेम्पोपुढे बायका उभ्या राहिल्या. शीलाने पोलिसांना फोन लावला. सिलिंडर उतरले, आणि महाराज पोलिसांच्या गाडीत चढले. लाकूड जाळून नव्हे, डिझेल जाळून गेले.

दवाखान्यातून परतल्यावर रेवाबाईने शीलाला गाठलं. "मंग आमन्हा घरना धूर कसा कमी व्हई, ते सांग." शीला तिच्या घरी गेली. हिरवी बाभूळ बाहेर उन्हात मांडली, चुलीच्या वरचं कौल सरकवून धुराला वाट केली. रेवाबाई अजून खोकते, पण आता रात्री झोपते.

असे महाराज पुन्हा येतील. नाव बदलून, कदाचित टाय लावूनही. तेव्हा हात जोडण्याआधी एवढंच म्हणा: पुन्हा करून दाखवा, आमच्या भांड्यात, आमच्या हाताने. खरं असेल ते दुसऱ्यांदाही होईल.