मनगटाचे अठ्ठेचाळीस

स्क्रू मोहरीच्या दाण्याहून बारीक, आणि पडला तो नेमका पलंगाखाली — गुडघे टेकून, गाल फरशीला लावून ती तो शोधत होती आणि वरून बाबा विचारत होते, "टॉस झाला का गं?" टॉस चार दिवसांपूर्वी झाला होता. आज कसोटीचा पाचवा दिवस, हे बाबांना तिच्याहून पक्कं ठाऊक होतं. तिचा जीव टांगणीला लागलाय हे ओळखून ते तिची फिरकी घेत होते, इतकंच.

सापडला. बोट ओलं करून तिने तो टिपला, दांडीच्या भोकात बसवला, नखाएवढ्या पेचकसाने फिरवला. सव्वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं, मग पुढे येऊन चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर बसवून बघण्याचं काम. हात आपोआप चालतात. या चष्म्यातून बाबांना काहीही दिसत नाही. तीन वर्षं झाली, उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पण मॅच असली की चष्मा हवाच. "चष्म्याशिवाय मला नीट ऐकू येत नाही," म्हणतात, आणि स्वतःच हसतात.

चष्म्याच्या डबीखाली रुग्णालयाचा कागद होता. छाती उघडायची, झडप बदलायची, वय चौऱ्याऐंशी. निम्मी आशा, निम्मा धोका, असं डॉक्टरीणबाई समोरच्या खुर्चीत बसून सरळ म्हणाल्या होत्या, आणि आज पाचपर्यंत कळवा म्हणाल्या होत्या. तिचं उत्तर 'हो' होतं. बाबांचं आठवडाभर 'बघू'. आणि आज सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता ते म्हणाले, "मनगट आज शेवटचं खेळणार ना? त्याचे पन्नास झाले तर चिरू दे त्यांना मला. नाही झाले तर राहू दे." हसत म्हणाले, पण या घरात क्रिकेटवर लावलेली गोष्ट कोणी कधी मागे घेतलेली नाही… हे मला लहानपणापासून माहीत आहे.

खेळाडूंची खरी नावं वर्तमानपत्रांसाठी, घरातली आपण ठेवायची, असा बाबांचा नियम. त्यांचा तो टोपीवाला: साध्या कापडी टोपीवर, डोक्यावर आग ओतणाऱ्या गोलंदाजांसमोर उभा राहणारा. तिचं ते मनगट. पाय जागचा हलत नसे, नुसतं मनगट फिरे आणि चेंडू भलतीकडेच सीमेला लागलेला असे. आणि आता तिच्या लेकीचा गोंदणवाला, डावखुरा, दोन्ही हात खांद्यापर्यंत गोंदवलेला. लेक वसतिगृहातून फोन करून चिडवते, "आई, तुझं मनगट आता संधिवाताला आलं." ही चिडते. मग आठवतं, आपणही टोपीवाल्याच्या पोटावर हसलो होतो, आणि बाबा तेव्हा पेपर उघडून त्याच्यामागे बसून राहिले होते.

टीव्हीचा आवाज बंद. समालोचक फार बोलतात आणि चेंडू कुठे गेला ते सांगत नाहीत. "चेंडू कुठे पडला तेवढं सांग," बाबा म्हणतात, "बाकीचं माझं मी बघतो." तीन वर्षं ती सांगते आहे. दुकानातून अर्धी रजा काढून सांगते.

"आला," ती म्हणाली. "मैदान उभं राहिलंय."

"मग आपण का बसलोय?" बाबा पलंगाचा कठडा धरून उभे राहिले, धापा टाकत, आणि पुन्हा बसले.

पहिला चेंडू तटवला. दुसरा सोडला. तिसरा… तिसरा आत आला, बॅट आणि पॅड यांच्यामधून, आणि मधला स्टंप उडाला. शांतपणे. आवाज बंद असला की सगळंच किती शांतपणे होतं. तिने तोंड उघडलं. वरच्या मजल्यावरून चार-पाच जणांचा एकदम "अरेरे" ऐकू आला.

"ऑफस्टंपच्या बाहेर," ती म्हणाली. "सोडला."

"वर काय झालं?"

"दूध उतू गेलं असेल."

आणि मग परत फिरता येईना.

हे मला कोणी शिकवलं? — नऊ वर्षांची होते. डोळे तिरळे होते म्हणून शस्त्रक्रिया, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, आणि अंधाराची इतकी भीती की आईचा पदर सोडत नसे. बाबांनी दोन दिवस रजा काढली. सेल संपत आलेत, आवाज फक्त मलाच येतो, असं सांगून ते ट्रान्झिस्टर कानाला लावून उशाशी बसले आणि त्यांनी टोपीवाला खेळवला. सकाळी खेळवला, दुपारी खेळवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकशे अठरा! प्रत्येक चेंडू मला दिसला. पट्टीच्या आत, हिरव्यागार गवतावर, लालभडक. डोळे उघडल्यावर जग त्यापेक्षा जरा फिकटच निघालं. कित्येक महिन्यांनी फडताळात डब्यांखाली अंथरलेल्या जुन्या पेपरात तिने वाचलं की त्या सामन्यात टोपीवाल्याला भोपळाही फोडता आला नव्हता, पहिल्याच षटकात परतला होता. ती कोणाला काही बोलली नाही. कागद उलटा करून अंथरला आणि वर डबे ठेवले.

"पुढे?" बाबा म्हणाले.

"षटक संपलं. किती झाले? चार."

पडद्यावर गोंदणवाला आला होता. तिने त्याचे चेंडू घेतले आणि मनगटाच्या नावावर घातले. त्यात एक अडचण होती: हा डावखुरा, तो उजवा. पण गिऱ्हाइकासमोर बसून चष्मा बसवणाऱ्याला त्याचा उजवा तो आपला डावा, हे सांगावं लागत नाही. सव्वीस वर्षं ती जग उलटंच बघते आहे. तेरा. एकवीस. जलपान झालं. बाबांचे गाल तापल्यासारखे झाले होते, गुडघ्यावर बोटं ठेका धरत होती. तिला वाटलं, असेच पन्नास होतील, कागदावर सही होईल, आणि पुढच्या हिवाळ्यातही मी इथे बसून सांगत असेन… खोटं बोलतेय याची लाज वाटायला हवी होती. वाटत नव्हती. उलट मनगटाबद्दल ऊर भरून येत होता. लेक पोटात होती तेव्हा तो संघात आला. नवरा घर सोडून गेला त्या आठवड्यात हरलेल्या सामन्यात तो दिवसभर एकटा उभा राहिला होता, आणि त्या दिवशी दुकानात रेडिओ ऐकत तिने एकोणचाळीस काचा घासल्या, एकही फुटली नाही. ना ओळख ना पाळख, त्याला ती माहीतही नाही. किती माणसांनी आपल्याला उभं केलं, त्यांना पत्ताच नाही.

"पायावरचा," ती म्हणाली, "मनगट फिरवलं… कव्हरला. चार."

बाबांची बोटं थांबली.

"पायावरचा चेंडू, मनगट फिरवून, थेट उलट्या बाजूला, कव्हरला?"

तिने पडद्याकडे पाहिलं. उलटवायला विसरली होती.

"त्याचं मनगट आहे ते, बाबा. कुठेही जाईल."

"हं. जाईल," बाबा म्हणाले. "किती झाले?"

"अठ्ठेचाळीस."

दोनच हवे होते. एक ढकललेला चेंडू, एक धावून काढलेली दुहेरी, तिच्या जिभेच्या टोकावर होती. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून बत्तीस मिनिटं.

"टोपीवाल्याला मी दोन दिवस खेळवला होता," बाबा म्हणाले.

"एकशे अठरा."

"फडताळातला कागद उलटा झालेला दिसला, तेव्हा कळलं मला, की तुला कळलं."

त्रेचाळीस वर्षं. एकाच गोष्टीवर दोघांनी आपापल्या बाजूने डबे ठेवले होते. तिला हसू आलं आणि हसता हसता रडूही, आणि पुसायला हातात होतं काचा पुसायचं फडकं.

"आता कर आऊट त्याला," बाबा हळूच म्हणाले. "दमला असेल."

तिने रुग्णालयाच्या कागदाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित दोन धावा दिल्या असत्या.

"तिसराच चेंडू होता, बाबा," ती म्हणाली, आणि मग तिने सगळं सांगितलं, घाई न करता: चेंडू किती आत आला, मधला स्टंप कसा कोलांटी खाऊन यष्टिरक्षकाकडे गेला, तो क्षणभर तसाच उभा राहिला, मग बॅट काखेत घातली, हातमोजे काढले. प्रतिस्पर्धी धावत आले, एकेकाने हात मिळवला.

"मागे वळून बघितलं?"

"एकदा. खेळपट्टीकडे."

"बरं केलं. टोपीवाल्याने नव्हतं बघितलं. मला ते फार लागलं होतं." त्यांनी टाळ्या वाजवल्या. सुकलेल्या तळव्यांचा बारीक आवाज, सात-आठ वेळा. मग श्वास लागला म्हणून थांबले. चष्मा मात्र काढला नाही.

"आता कोण खेळतंय?"

"गोंदणवाला. माझ्या लेकीचा."

"डावखुरा आहे का?"

"हो."

"मघाशीच कळलं." ते उशीला टेकले. "त्याचं सांग. खरं खरं सांग."

पाचला फोन उचलून ती काय सांगणार होती, तिला माहीत नव्हतं. सकाळी तिला पक्कं माहीत होतं. आता जिथे सकाळपासून भीती बसली होती, तिथे नुसता हा माणूस होता, दोन दिवस रजा काढून उशाशी बसलेला, मेलेले सेल कानाला लावून, आणि तिला वाटलं, मला किती मिळालं. आणखी मागायचं की नाही, ते मागाहून बघू.

गोलंदाज धावत निघाला.

"ऑफस्टंपच्या बाहेर," ती म्हणाली. "सोडला."

खरंच सोडला होता.