कोसरू

पार्सलं न्यायला येणारा श्रीनू म्हणजे गरीब गाय, पण त्या दिवशी स्रवंतीने त्याला दारातच धरला.

"काय रे, आमचा डबा तुझ्या गाडीत चढला की बाळसं धरतो होय? मी अर्ध्या किलोच्या आत पाठवते आणि तुम्ही महिनाभर किलोचं भाडं कापता!"

"अक्का, माझ्यावर कशाला डाफरता? तुमच्याच काट्यावर ठेवा की."

ठेवला. पाचशे बारा! स्रवंतीने रागारागाने चिकटपट्टी फाडली. आत चारशे ग्रॅम आंबापोळी, राजमंड्रीहून छापून आणलेलं जाड घडीचं रंगीत कार्ड आणि एका कडेला कागदात गुंडाळलेला आंबापोळीचाच बोटभर तुकडा.

"हा कुणी घातला?"

"मी," अंगणातल्या ताडाच्या चटया झटकत तिची सासू नूकरत्नम म्हणाली. "कोसरू आहे ते. माप झाल्यावर वर काही घालायचं की नाही?"

"अत्तम्मा, हा काय मंगळवारचा बाजार आहे? इथे वर घातलं की भाडं वर जातं!"

तिचं तरी काय चुकलं? एका डब्यामागे तीसेक रुपये सुटायला हवेत, तर उलट नऊ रुपये पदरचे जात होते. आणि संक्रांत तोंडावर आली होती. संक्रांतीला सूरिबाबू, म्हणजे तिचा नवरा, हैदराबादहून येणार होता. त्याने तिथे खोली बघून ठेवली होती. तोवर धंदा फायद्यात दिसला नाही तर मोबाइलवरचं दुकान बंद करून तिने त्याच्याबरोबर जायचं, असं ठरलं होतं. सासूलाही चल म्हणत होते. पण तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आंब्याचा रस कुठे पसरायचा? नूकरत्नमला हे सगळं ठाऊक होतं. सून गेली की या अंगणात आपण आणि रिकाम्या चटया, एवढंच तिला दिसायचं.

"बरं बाई," ती म्हणाली. "उद्यापासून नाही घालत."

म्हणाली खरी, पण कोसरू सोडायचं म्हणजे सत्तिराजूला सोडायचं. तिच्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली, पण बाजारातली त्याची जागा तिला अजून डोळे मिटून दाखवता येईल. चिंचेखाली, बांगडीवालीच्या शेजारी. तराजूचा काटा सरळ उभा राहिलेला त्याला खपायचाच नाही. माल बांधून झाला की सुरी पुन्हा पोळीत शिरायची. बायका तर दुसरा हात आधीच पुढे करून उभ्या असायच्या. "सत्तिराजू, कोसरू नखाएवढं नको हं, माझ्या नातवाचं तोंड मोठं आहे!" आणि तो हसत आणखी कापायचा. काय माणूस होता!

ती स्वतः त्याच्याकडे आधी गिऱ्हाईक म्हणूनच गेली होती, मावशीबरोबर. पावशेर घेतली, तर या पठ्ठ्याने तिच्या ओंजळीत तळहाताएवढा तुकडा ठेवला. मावशी बघतच राहिली. "काय रे मेल्या, पावशेर कुठली आणि कोसरू कुठलं?" सत्तिराजू कानापर्यंत लाल झाला. मावशी रस्ताभर बडबडत होती, की असा धंदा करणारा उद्या भीक मागेल. पण घरी आल्यावर त्याच्या आईकडे निरोप तिनेच धाडला. लग्नात सगळ्यांनी थट्टा केली, की नवरी कोसरात गेली.

तर नूकरत्नमने शब्द पाळला. दोन दिवस पाकिटं मोजूनमापून गेली. स्रवंतीने मोबाइल पुढे धरून दाखवलं, "बघा, अर्ध्या किलोचंच भाडं लागलं! डब्यामागे तीस रुपये सुटले!" सासू म्हणाली, "छान झालं हो," आणि तिला मनापासून आनंदही झाला. पण त्या दिवशी ती धड जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी एक पाकीट चारशे तेरा भरलं.

"तेरा ग्रॅम काढा, अत्तम्मा."

नूकरत्नमने सुरी घेतली, कडेचा तुकडा कापून बाजूला ठेवला. पदर तोंडाला लावून ती हमसून हमसून रडायला लागली.

"अहो, काय झालं? कापलं का बोट?"

"या हातांनी आयुष्यभर काट्यावर घातलंच गं! आज गिऱ्हाइकाचं काढलं. तो असता तर माझ्याशी बोललाच नसता."

सासूला असं रडताना स्रवंतीने मावय्या, म्हणजे सासरे, गेले तेव्हाही बघितलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. ती काट्यापाशी बसली आणि एकेक वस्तू वेगळी तोलायला लागली. खोकं, चिकटपट्टी, पाकिटाचा प्लास्टिक कागद. यातलं एकही कमी करता येईना. मग तिने कार्ड ठेवलं. चौदा ग्रॅम! तिचं लाडकं कार्ड, वर तिचं नाव, आंब्याचं चित्र. हजार छापून घेतली होती.

"काय लिहिलंय गं त्यावर?" डोळे पुसत नूकरत्नमने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"आमच्याकडून घेतल्याबद्दल आभार, असं."

"अगं, मग कोसरू म्हणजे दुसरं काय असतं?"

स्रवंतीने उठून कार्डांचा सगळा गठ्ठा आणला आणि चुलीशेजारच्या सरपणावर ठेवला.

"कापा, अत्तम्मा."

"किती?"

"मावय्या कापायचे तसं. फक्त नखाएवढं नको आणि तळहाताएवढंही नको."

नूकरत्नमला रडता रडता हसू फुटलं. "आणि हैदराबादची खोली?"

"ह्यांना सांगते, दुसऱ्या कुणाला द्या. इथे फायदा होतोय, मी कशाला येऊ?"

हसता हसता कापल्याने तुकडा जाड निघाला. डबा बंद करून काट्यावर ठेवला तर पाचशे चार. स्रवंतीने कपाळावर हात मारला. सासूने डबा उघडला, तुकड्याचं टोक कापलं आणि बाजूला ठेवायच्या ऐवजी सुनेच्या तोंडात कोंबलं.

"हे तुझं," ती म्हणाली.

बाहेर श्रीनू गाडीचा भोंगा वाजवत होता. स्रवंतीचं तोंड भरलेलं होतं, म्हणून "थांब रे, आले!" असं नूकरत्नमलाच ओरडावं लागलं.