मैलाच्या पल्ल्याची नळी

मी एक जुनी नळी आहे, मित्रांनो. बंदुकीची नळी. तीस इंच लांब, मनगटाएवढी जाड, पोलादी, आणि स्वभावाने थोडी तुसडी. माझं नाव काढलं की चांगली माणसं दोन पावलं मागे सरतात, म्हणून आधीच सांगते, मी कुणाच्या जिवावर उठलेले नाही. जन्मभर मी फक्त लोखंडी तबकड्यांवर गोळ्या सोडल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा मातीच्या बांधात गेल्या.

म्हातारपणाचं रडगाणं आत्ताच उरकून घेते. गेल्या वर्षी मला रायफलवरून उतरवलं. गळ्याशी जळून माझ्या खाचा झिजल्या होत्या. माझ्या जागी नवी नळी बसली आणि मी अमेरिकेतल्या कॅरी गावात एका गॅरेजमध्ये, कधीच न लागणाऱ्या बर्फाच्या फावड्याशेजारी उभी राहिले. महिनोन्‌महिने माझ्याकडे कुणी फिरकत नाही. झालं रडून. आता मुद्द्याचं सांगते.

माझा जन्म एका भरीव सळईतून झाला. कारखान्यात मला आरपार भोक पाडलं आणि त्या भोकाच्या आतल्या अंगाला पीळदार खाचा कोरल्या. जाळी गुंडाळून फेकलेला भोवरा गरगरतो म्हणूनच उभा राहतो. गोळीचंही तसंच. माझ्या खाचांतून गरगरत गेली तर ती सरळ जाते, नाहीतर कोलांट्या खात भरकटते. खाचा झाल्यावर एका कारागिराने माझं आतलं अंग घासून घासून गुळगुळीत केलं. बाहेरून मात्र मी साधीच राहिले. पुढे डेल नावाच्या बंदुका जुळवणाऱ्याने मला विकत घेतलं आणि आपल्या दुकानाच्या भिंतीवर टांगलं. माझ्या शेजारी कार्बनच्या धाग्यांनी मढवलेली एक हलकी, नखरेल नळी होती. येणारा प्रत्येक जण आधी तिलाच हात लावायचा.

एका शनिवारी दुकानात एक मराठी जोडपं आलं. बाई सुलभा, औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळा सांभाळणारी, पन्नाशी ओलांडलेली. नवरा शैलेंद्र, क्लाउडवर काम करणारा सॉफ्टवेअरवाला. सुलभा अमरावतीला कॉलेजात असताना एनसीसीत रायफल चालवायची. व्हिसावर होती तोवर इथे तिने बंदुकीला हात लावला नाही, नियमच तसे होते. नागरिकत्व मिळालं आणि दुसऱ्याच महिन्यात ती नेमबाजीच्या क्लबात जाऊन बसली. बाई पक्की शाकाहारी. गुरुवारी कांदासुद्धा चालत नाही. शिकारीचं नाव काढलं तर कानावर हात ठेवते.

तिला हवा होता एक मैल. कॅरीहून दोन तासांवर अर्ल नावाच्या शेतकऱ्याची कापसाची जमीन होती. तिथे मैलभर अंतरावर एक लोखंडी तबकडी टांगलेली असे, आणि दर शरदात क्लबाची माणसं तिच्यावर नेम धरायला जमत. सुलभाचा नेम लागोपाठ दोन वर्षं चुकला होता. आता अर्लने जमीन विकली होती आणि तिथे डेटा सेंटर उभं राहणार होतं. म्हणजे ऑक्टोबरमधली शूट शेवटची. तबकडी आत्ता वाजली तर वाजली, पुढच्या वर्षी तिथे कुंपण असणार.

"तुझ्याच क्लाउडने माझी जागा गिळली," ती शैलेंद्रला म्हणाली.

"मी काय केलं यार? मी तर नुसतं कोड लिहितो."

तिची जुनी रायफल लहान कॅलिबरची होती. हजार यार्डांपर्यंत ती गुणाची, पण मैलावर पोचेस्तोवर तिची गोळी दमायची आणि वाऱ्याच्या मागे लागायची. डेलने सरळ टोक गाठलं. मोठंच हवं असेल तर फिफ्टी घ्या मॅम, अर्ध्या इंचाची गोळी, म्हणाला. सुलभाने क्लबात एकदा फिफ्टी चालवून पाहिली होती आणि दिवसभर तिचे दात दुखले होते. "मला भिंत पाडायची नाहीये," ती म्हणाली. मग त्याहून बारीक गोळीची थ्री हंड्रेड निघाली, ती तिला हलकी वाटली. बराच वेळ खल झाला आणि शेवटी ती दोन्हींच्या मधल्या थ्री थर्टी एटवर थांबली. तिची गोळी जड, वाऱ्याला सहज न बधणारी, आणि धक्का खांद्याला सोसेल एवढा.

आता नळीचा प्रश्न आला. शैलेंद्रने अर्थातच कार्बनवालीवर बोट ठेवलं. "ही बघ ना, किती लाइट आहे. आणि सव्वीस इंच पुरे. तीस इंचाची गाडीच्या ट्रंकमध्ये मावणार नाही."

"मावेल. मागची सीट पाडू."

"आणि उचलणार कोण?"

"उचलायचीय कुठे? पालथं पडून मारायचीय. जड असेल तर हलणार नाही." ती डेलकडे वळली. "ती जाड, साधी द्या. एवढी दारू जळायला लांबी नको का?"

डेलने मला खाली उतरवलं आणि तिच्या हातात देताना बजावलं की या कॅलिबरात नळ्या लवकर जळतात. हजार-दीड हजार गोळ्या, मग हिचा निकाल. मित्रांनो, स्वतःचं आयुर्मान असं काउंटरवर ऐकायला मिळालं की कसं वाटतं ते मी सांगू शकते. वाईट वाटतं. पण सुलभाने मला दोन्ही हातांनी तोललं आणि म्हणाली, "चालेल. मला एकच गोळी लागायला हवीय." मला तेव्हाच ती आवडली.

डेलने मला नव्या रायफलवर बसवलं आणि त्या उन्हाळ्यात आम्ही दर रविवारी अर्लच्या शेतावर होतो. पहिल्या आठवड्यात तिच्या खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग पडला. मुलगी आन्या म्हणाली, "आई, धिस इज नॉट नॉर्मल फॉर मॉम्स." सुलभाने बर्फ लावला आणि पुढच्या रविवारी पुन्हा आली. शैलेंद्र कुरकुरत यायचा आणि दुर्बिणीशी बसायचा. दिवसभर सर्व्हरचे आलेख बघणाऱ्या माणसाला दुर्बिणीत उन्हाची थरथर बघण्यात हळूहळू गोडी लागली. ती थरथर कुठल्या बाजूला वाहते त्यावरून वारा कळतो. सप्टेंबरपर्यंत तो वारा बरा वाचायला लागला होता. पण तोंडाने मात्र "काय हे वेड" हेच.

नळीचं एक असतं. दोन-चारशे गोळ्या गेल्या की आत तांब्याचा आणि काजळीचा पातळ थर बसतो आणि मग ती एका लयीत मारते. चकाचक पुसली की लय मोडते. म्हणून शूटच्या आधीचे पंधरा दिवस सुलभाने मला मुद्दाम साफ केलं नाही. माझं मन त्या थराखाली निवांत होतं.

शूट दसऱ्याला आली होती. म्हणजे आदल्या दिवशी खंडेनवमी. शैलेंद्रने संध्याकाळी पाट मांडला. लॅपटॉप, गाडीची किल्ली, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि मधोमध मी. सुलभा अजून प्रयोगशाळेतून यायची होती. शैलेंद्रने माझं आतलं अंग बघितलं आणि त्याला ते काळं दिसलं. इतके महिने कुरकुरलेल्या माणसाला त्या दिवशी भरून आलं होतं. बायकोचं शस्त्र आणि पूजेला असं मळकं? त्याने गजाला फडकं गुंडाळलं, क्लीनर ओतला आणि मला आरशासारखं लखलखीत केलं. मग गंजू नये म्हणून तेल शोधलं. घरात जे होतं ते घेतलं. खोबरेल. डावभर ओतलं आणि मला पाटावर आडवं निजवलं. सुलभा आली तेव्हा मी हळदीकुंकू लावून बसले होते. तिने नमस्कार केला, आणि साफसफाईची गोष्ट त्याने उद्याच्या सरप्राइजसाठी राखून ठेवली.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी खोबरेलाची बाटली आहे त्यांना पुढचं कळलंच असेल. थंडीत ती बाटली उन्हात ठेवल्याशिवाय थेंब देत नाही. दसऱ्याची पहाट चाळीस डिग्री फॅरनहाइटची होती, म्हणजे हात चोळायला लावणारी, आणि मी दोन तास गाडीच्या मागच्या भागात पडून होते. शेतावर पोचेपर्यंत माझ्या पोटात पांढरं, घट्ट लोणी बसलं होतं. बंद नळीत गोळी सुटली तर नळी फुटते. तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर फुटते. मला हे ठाऊक होतं आणि मला तोंड असूनही वाचा नव्हती.

सुलभाचा नंबर तिसरा होता. ती चटईवर पालथी पडली. अर्लने घड्याळ लावलं. तिने गोळी बोटांत धरली आणि मग काहीतरी आठवल्यासारखी खाली ठेवली. बोल्ट, म्हणजे माझं मागचं तोंड बंद करणारा दांडा, काढून घेतला आणि मागून माझ्यात डोळा लावला. अमरावतीच्या उस्तादांनी एनसीसीत पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, पहले नाली देख, फिर निशाना. एरवी तिला माझ्यातून आभाळाची गोल चकती दिसायची. आज अर्धवट धुरकट पांढरं दिसलं. तिने करंगळी घालून पाहिली, हुंगली, आणि शैलेंद्रकडे बघितलं.

"खोबरेल?"

त्याचा चेहरा उतरला. "गंजू नये म्हणून गं. खंडेनवमी होती... मी साफ पण केली."

मागे उभी असलेली माणसं घड्याळाकडे बघत होती. ती उठली. "अर्ल, आय ॲम नॉट शूटिंग," ती म्हणाली. "माझा नंबर गेला तरी चालेल." मैल हवा म्हणून सहा महिने खांदा फोडून घेतलेल्या बाईने हे वाक्य एका दमात म्हटलं. मी जन्मात एवढं धाडस पाहिलं नाही, आणि गोळी सुटण्याच्या धाडसात मी काही कमी दिवस काढलेले नाहीत.

अर्ल नियमाचा पक्का होता. नंबर गेला म्हणजे गेला. सगळ्यांचं झाल्यावर उजेड आणि वेळ उरला तर बघू, एवढंच तो बोलला. सुलभाने मला गाडीच्या मागच्या उघड्या फळीवर घेतलं आणि फडक्यामागून फडकं घालून पुसत राहिली. शैलेंद्र बाजूला उभा होता. "तू मेली असतीस," तो म्हणाला. "माझ्यामुळे मेली असतीस सुलू. चल, घरी जाऊ."

"फडकं दे."

"मला आता कशालाच हात लावू देऊ नकोस."

"फडकं दे म्हटलं ना."

त्याने फडकं दिलं. ती त्याच्यावर ओरडली नाही. ती फार रागावली होती, हे तिच्या मनगटातून मला कळत होतं, पण सगळा राग तिने गजावर काढला.

दुपार कलली तेव्हा अर्लने हात केला. बांधावर काही गोळ्या झाडून तिने माझ्या आत थोडी काजळी परत बसवली. मग तीन गोळ्या, मैलावर, आणि त्यानंतर ही रेंज कायमची बंद. शैलेंद्र गाडीकडे निघाला होता. तिने त्याला चटईवरूनच बोलावलं. "दुर्बिणीशी कोण बसणार?"

"दुसऱ्या कुणाला तरी सांग."

"शैलेंद्र. बस."

तो बसला, पण बोलेना. पहिली गोळी तिने स्वतःच्या अंदाजाने सोडली. मला दिसत काही नाही. मैलावरून टणकारा परत यायला सावकाश सात आकडे मोजावेत एवढा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मी नुसती गरम होऊन वाट बघते. काही आलं नाही. दुसरी सोडली. काही आलं नाही.

"तोंड शिवलंयस का? बोल ना."

"माझं ऐकू नकोस आज."

"एरवी कुठे ऐकते? आज ऐकते. सांग."

त्याने दुर्बिणीची फिरकी फिरवून भिंग जुळवलं. मग भिंगाला डोळा लावूनच म्हणाला, "तू जवळच्या झेंड्याकडे बघतेयस. तो उजवीकडे फडकतोय. पण तिकडे, कापसाच्या शेवटच्या ओळीपाशी, थरथर डावीकडे वाहतेय. तिथे वारा उलटा आहे. उलटं धर. नेमाच्या काचेतली पूर्ण एक खूण, डावीकडे धरतेयस ती उजवीकडे."

तिच्या डोळ्यांपुढचा झेंडा अजून उजवीकडेच फडकत होता. सकाळी ज्याच्या हातून तिचा जीव जाता जाता राहिला, तोच माणूस तिला समोर दिसतंय त्याच्या उलट सांगत होता. गोळी एकच उरली होती. रायफलच्या दस्त्यावर टेकलेला तिचा गाल हलला नाही. हात मात्र वळला, आणि मीही तिच्याबरोबर उजवीकडे सरकले. तिने श्वास सोडला, आणि मी गोळी सोडली.

एक. दोन. तीन. चार. पाच झाले तशी शैलेंद्रने डोळे मिटले. सहा.

मग आला. लांबून, बारीक, देवघरातल्या घंटेला चुकून नख लागावं तसा.

सुलभा ओरडली नाही. तिने बोल्ट मागे घेतला, गोळीचं रिकामं नळकांडं काढलं आणि डावा हात शेजारी बसलेल्या शैलेंद्रच्या गुडघ्यावर ठेवला. तो रडत होता. चष्मा दुर्बिणीवर तसाच टेकलेला होता आणि त्याला तो काढताही येत नव्हता.

"वारा बरोबर सांगितलास," ती म्हणाली.

मित्रांनो, मी लोखंडाची जात, मला उपदेश शोभत नाही. तरी एक मागणं आहे. आमच्यासारख्या वस्तूंना जपायचं असेल तर गोळी भरण्याआधी आत डोळा लावा. प्रेमाने ओतलेलं खोबरेलसुद्धा जीव घेऊ शकतं, आणि प्रेम खरं असलं म्हणून तपासणी चुकवता येत नाही. पण ज्याच्या हातून चूक झाली त्याला गाडीकडे जाऊ देऊ नका. त्याला हाक मारा आणि आपल्या शेजारी बसवा. माझ्यातून हजारावर गोळ्या गेल्या, त्यातली ती एकच दोघांनी मिळून मारली होती.