सातव्या शाळेचा दोर

शरदाचं धुतलेलं, पांढरं ऊन.

एक दोर, टोकाशी तळहातांनी गुळगुळीत केलेली गाठ.

वाऱ्यानं चिरलेलं केळीचं पान.

दाराआड उभा बांबू, त्याला तांबडं फडकं.

सात सागवानी पाट्या, प्रत्येकीवर एकेक शब्द.

आकाशात फिरणारी घार.

हे सगळं एकाच दुपारचं आहे. एकाच दुपारचं, आणि एकाच बाईचं.

*

वसईच्या त्या पट्ट्यात समुद्रापासून डोंगरापर्यंत मिशनच्या सात शाळा आहेत. कौलारू, चुन्याच्या, एकीच्या अंगणातून दुसरीचा क्रूस दिसावा इतक्या अंतरावर. पहिली सुरूबंदरला, खाऱ्या वाऱ्यात. सातवी पायरवाडीला, डोंगराच्या पायथ्याशी, जरा उंचावर. मध्ये केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव, मोगऱ्याची वाफे-वाफे सुगंधी शेतं, आणि विहिरींचे गार, हिरवे डोळे.

फार पूर्वी घड्याळ एकट्या सुरूबंदरला होतं. बाराला तिथली घंटा वाजे. ती ऐकून दुसरी वाजे, दुसरीची ऐकून तिसरी. घंटेवरून घंटेवर पाऊल टाकत दुपारची प्रार्थना समुद्रापासून डोंगरापर्यंत चालत येई. पुढे घड्याळं भिंतींवर आली, मनगटांवर आली, खिशांत आली. नियम मात्र राहिला, एका ओळीचा: ऐकल्याशिवाय ओढायचं नाही.

आणि त्या सात पाट्या. खरेपणा. क्षमा. कष्ट. दया. धीर. वाटून खाणं. कृतज्ञता.

दर जूनला प्रत्येक पाटी पुढच्या शाळेत जाते, सातवीची फिरून पहिलीकडे. मुलं ती डोक्यावर घेऊन बांधाबांधानं नेतात. वर्षभर तो शब्द त्या शाळेत पाहुण्यासारखा राहतो, आणि जाताना भिंतींना आपला वास ठेवून जातो.

त्या वर्षी पायरवाडीच्या भिंतीवर खरेपणा होता.

*

दोर आग्नेस बाईंच्या हातात होता. आग्नेस रुमाव, मराठी शिकवत, एकतीस वर्षं. दोर म्हणजे त्यांच्या दिवसाचा मध्य, त्यांच्या दिवसाची नाभी.

त्यांच्या कानांत हळूहळू ओहोटी सुरू झाली. आधी बारीक आवाज गेले: टाचणीचा, चिमणीचा, पानावरच्या थेंबाचा. मग कुजबुज गेली. मग वर्गाचा गलका दूर, दूर, आणखी दूर होत वाळूत जिरला. शेवटी, पाच वर्षांपूर्वी, घंटा गेली.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मुलांचे ओठ वाचता येत होते, वह्या वाचता येत होत्या. भीती एकच होती. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या हातात दोर कोण ठेवील?

म्हणून त्या बघू लागल्या. बागांच्या हिरव्या पसाऱ्यापलीकडे, अर्ध्या कोसावर, तामतळ्याच्या सहाव्या शाळेचा मनोरा होता, आणि मनोऱ्यावर कबुतरं. बाराला ती एकदम उडत. करडी, रुपेरी, फुटलेल्या लाटेसारखी. कबुतरं उडाली म्हणजे घंटा वाजली. आग्नेस बाई दोर ओढत.

पाच वर्षं त्यांनी याला चोरीच म्हटलं, मनातल्या मनात, रोज, बाराला. पण जूनपासून ती चोरी पाटीखाली उभी राहून करावी लागत होती. पाठ फिरवली तरी पाठीला शब्द वाचता येत होता.

*

आणि मग ती घार.

नोव्हेंबरची दुपार, बाराला वीस मिनिटं कमी. घार तामतळ्यावर एक मोठं, आळशी वर्तुळ काढून खाली झुकली. कबुतरं उडाली.

बाईंनी दोर ओढला.

गणित अर्धं टाकून मुलं बाहेर आली, रांगा लागल्या, हात जुळले. कुणीतरी म्हणालं की बाईंना आज भूक लवकर लागली, आणि मागच्या रांगेत हसू पसरलं. प्रार्थना झाली. डबे उघडले.

मग डब्यांवरचे चेहरे एकेक करून पश्चिमेकडे वळले. घास हातात राहिले. बाईंना काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी ती घंटा मुलांच्या चेहऱ्यांवर पाहिली. सहाव्या शाळेची. वेळेवर आलेली.

आठवीतली जेनिशा लोपीस उठून समोर आली. तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, नुसतं कुतूहल होतं. तेच जड होतं.

"बाई, मघाशी तुम्ही काय ऐकलंत?"

बाईंच्या मागे पाटी होती. बाईंच्या हातात दोराचा काथ्या अजून उबदार होता.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं मी घंटा ऐकलेली नाही, बाळा. कबुतरं बघून ओढते."

अंगण गप्प झालं. ते गप्प होणं त्यांना दिसलं.

*

या शाळांची एक जुनी रीत आहे. घंटेची चूक झाली की आधीच्या शाळेत चालत जायचं, आणि चूक आपल्या तोंडानं सांगायची. चिठ्ठी नाही, फोन नाही, मध्ये दुसरं माणूस नाही.

मुख्याध्यापिका सिस्टर लुर्डीन म्हणाल्या की उन्हं उतरू द्या, आधी दोन घास खा. आग्नेस बाईंनी पदर खोचला आणि त्या निघाल्या.

केळीच्या बागेत ऊन चिरून पडलं होतं, पट्ट्यापट्ट्यांनी. पाटाचं पाणी हलत होतं, नाद नसलेलं. पानं पानांवर घासत होती, नाद नसलेली. निःशब्द, निळ्या-हिरव्या त्या वाटेवर त्या एकच वाक्य जुळवत होत्या, मोडत होत्या, पुन्हा जुळवत होत्या. दोर जाणार होता. वाक्य तेवढं सरळ यायला हवं होतं.

तामतळ्यात पास्कोल डाबरे सर जेवत होते. बालवाडीच्या ब्रिजीत बाई पाणी ओतत होत्या. आग्नेस बाई उंबऱ्यातच थांबल्या आणि वाक्य बोलल्या. सरळ आलं.

सरांचा घास थांबला. ते काही बोलणार होते, मग त्यांना आठवलं. हात धुऊन ते फळ्याकडे गेले. खडू चालला, पांढरा, सावकाश.

रोजच्या घंटेला कबुतरं उडत नाहीत, बाई. त्यांना सवय होते.

बाईंना उमजेना. सरांनी दाराआडचा बांबू पुढे आणला. टोकाला तांबडं फडकं. पुन्हा खडू.

घंटा झाली की ब्रिजीत बाई हे हलवतात. रोज. तुम्हाला दिसावं म्हणून. तुमची घंटा उशिरा येऊ लागली तेव्हापासून.

आग्नेस बाईंनी फडक्याकडे पाहिलं. हातभर. उन्हानं विटलेलं, कडांना उसवलेलं, पुन्हा शिवलेलं.

"हे मला कधीच दिसलं नाही," त्या म्हणाल्या.

ब्रिजीत बाई सरांकडे वळल्या. पण ओठ उजेडात होते, आणि आग्नेस बाईंनी ते वाचले.

"पाच वर्षं माझे दंड भरून आले सर, आणि ही बाई कबुतरं बघत बसली."

आधी हसू आलं. हसता हसता डोळे भरले. ज्याला त्यांनी पाच वर्षं चोरी म्हटलं, ते कुणीतरी रोज बाराला, उन्हात, बांबू पेलून त्यांच्यासाठी ठेवत होतं. फडकं दिसलंही नव्हतं. पोचलं मात्र होतं, त्याला बुजून उडणाऱ्या कबुतरांच्या पंखांवरून, रोज.

फळ्याशेजारी तामतळ्याची त्या वर्षीची पाटी होती: कृतज्ञता. ती जूनला पायरवाडीला यायची होती.

आग्नेस बाई शब्द त्याच दुपारी घेऊन निघाल्या.

*

संध्याकाळी त्यांनी दोराची गाठ सिस्टर लुर्डीनच्या हातात दिली. सिस्टरनी ती परत त्यांच्या तळहातावर ठेवली. ओठ हळू हलवत म्हणाल्या की ऐकून ओढायचं एवढाच नियम आहे. दोन्ही एकाच माणसानं करायचं, असं तो कुठं म्हणतो?

दुसऱ्या दिवशी, बाराला, सारा आठवीचा वर्ग पश्चिमेकडे पाठ करून कुंपणापासून घंटेपर्यंत एका रांगेत उभा राहिला. बागा स्थिर. ऊन स्थिर. दोर स्थिर.

मग कुंपणाजवळच्या मुलानं पुढच्या खांद्यावर हात ठेवला. त्या खांद्यानं पुढच्या खांद्यावर. हातावरून हात, खांद्यावरून खांदा, समुद्राकडून डोंगराकडे काहीतरी चालत आलं, आणि जेनिशाचा तळवा बाईंच्या पाठीवर टेकला.

बाईंनी दोर ओढला. नाद त्यांच्या मनगटांतून वर चढला, कोपरांतून, खांद्यांतून. छातीत येऊन थरथरला, आणि थरथरत राहिला.

तामतळ्यावर कबुतरं उडत होती.

पहिलं फडकं तिथे हललं, ते पाच वर्षांपूर्वी, जुलैच्या सहा तारखेला. आग्नेस बाईंना घंटा गेल्याचं कळलं ते त्यानंतर, त्याच वर्षी, सप्टेंबरात.