उलटा व्हॉल्व्ह

भिंगऱ्याचं पहिलं इंजिन दाजींनी हातोड्यानं चेचलं होतं. का, तर त्यानं ताईचं अंथरूण पेटवलं. त्यामुळे दुसरं इंजिन, आठ महिने राबून उभं केलेलं, वाचवायचं म्हणजे दाजींपासूनच, हे भिंगऱ्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. गंमत म्हणजे शेड दाजींची, लेथ दाजींचा, इंजिनाचा शाफ्टही त्यांनीच काढून दिलेला. टर्नर एक नंबर, पण माणूस भडकू.

इंजिन थर्मासएवढं, पुढं लाकडी पंखा. टाकीत रॉकेल, वरून हवेचा दाब, तिथून इंजिनात जाणारी तांब्याची नळी आणि नळीवर विजेचा व्हॉल्व्ह. तो भिंगऱ्यानं भंगारातून उचललेला.

"उलटा आहे हा," दाजी म्हणाले. "वीज दिली की बंद होतो. नसली की सताड उघडा."

"मग बटण उलटं लावलं. झालं की."

"आणि वायर तुटली तर?"

"जरा शुभ बोला की, दाजी."

टाकीला हातानं बंद करायची तोटी बसवायचीही राहिलीच होती. पण धीर कुणाला.

दुपारी पेटवलं. पंखा फिरला, शिट्टी वाजली, आणि बघता बघता शिट्टीची किंकाळी झाली. टेबल नाचायला लागलं. भिंगऱ्यानं बंदचं बटण दाबलं. काही नाही. वायर त्यानं धुराड्याला खेटूनच बांधली होती, ती वितळून गेली होती. रॉकेल नुसतं धो धो आत. मागून हातभर जाळ निघाला, एक बोल्ट सुटून कानाजवळून गेला आणि पत्र्यात घुसला. हा आपला बटण दाबतोय, दाबतोय.

तेवढ्यात दाजी हातोडा घेऊन धावले.

भिंगऱ्याचं डोकंच फिरलं. त्यानं हातातला पाना दाजींच्या मनगटावर हाणला, अंगातलं सगळं बळ लावून. हाड मोडल्याचं ऐकू नाही आलं, पण पान्यातून तळहाताला कळलं. दाजींनी कोपर फिरवलं ते थेट याच्या नाकावर. रक्ताची धार लागली. हा पुन्हा अंगावर गेला, दाजींनी लाथेनं उडवला, हातोडा डाव्या हातात घेतला आणि घातले घाव. एक, दोन, तीन.

जाळ आत ओढल्यासारखा विझला. पंखा सावकाश थांबला.

भिंगऱ्या धडपडत उठला. इंजिनाला ओरखडासुद्धा नव्हता. तांब्याची नळी तेवढी चपटी झाली होती.

ताई धावत आली. नवऱ्याचा हात नको तिथून वाकलेला, भावाचं तोंड लाल.

"कुणी केलं हे?"

"मी," भिंगऱ्या म्हणाला. "मला वाटलं, इंजिन फोडतायत."

ताईनं अशी ठेवून दिली की बिचारा पुन्हा खाली बसला.

दाजी भिंतीला टेकले होते, पांढरेफटक. दात आवळत म्हणाले, "अजून एक दे. माझ्या वाटणीची. माझा हात चालत नाही."

तिनं दिली.