लेस्टर ब्रूसारच्या गळ्यातला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना मानेचा पट्टा आहे. आत फोम, बाहेर पांढरं कापड आणि उजव्या बाजूला करपल्याचा डाग. एखाद्या दुखऱ्या मानेला आधार द्यावा म्हणून माझा जन्म झाला. पण कसलं काय! मी पडलो सेंट ओमेर गावच्या लेस्टर ब्रूसारच्या हाती, आणि त्याची मान बैलासारखी धडधाकट.

शाळेच्या रिकाम्या बसपुढे त्यानं मुद्दाम गाडी घातली आणि कचकन ब्रेक दाबला. बस मागून आदळली. "मेलो, माझी मान!" म्हणून हा रस्त्यावर लोळायला लागला. तेव्हा मी कुठे होतो? त्याच्याच डिकीत, नवाकोरा! दुखण्याच्या आधीच पट्टा आणून ठेवणारा असला नालायक मी दुसरा पाहिला नाही.

त्यानं विम्याची भरपाई मागितली. दोष आला बस चालवणाऱ्या मिस अर्लीनवर. तिची बस काढून घेतली आणि परवानाही कायमचा जायची वेळ आली. त्या बसवर तिचा फार जीव होता.

लेस्टर मला घालायचा तो फक्त वकिलासमोर. घरी मी खुंटीला. एका रविवारी त्यानं अंगणात पातेलंभर क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे जीव, उकडायला घातले. फडकं सापडेना, तर या गाढवानं मलाच पातेल्याच्या तापलेल्या कानाला लावलं आणि ते धूड एकट्यानं उचललं! माझा डाग तेव्हाचा.

बाहेर रस्त्यावर एक बाई फोटो काढत उभी होती. नदीन प्रेजाँ, राज्याची विमा-फसवणूक तपास अधिकारी.

"ए कंपनीची चमची! आत पाऊल टाकलंस तर बघ!" लेस्टर ओरडला.

"नाही टाकत. न्यायाधीशाचा हुकूम नाही अजून," ती म्हणाली. "आणि मी कंपनीची नाही, राज्याची. कंपनीला संशय आला की तिनं आम्हाला कळवायचं, असा कायदाच आहे."

ती निघून गेली. मला तिचाही तिटकारा आला. कमरेला बिल्ला, पिस्तूल, आणि फाटकातून परत? नुसता थाट!

पण ती डॉक्टरांकडे गेली, गॅरेजवाल्याकडे गेली, मिस अर्लीनकडेही गेली. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग हुकूम घेऊनच आली.

"अटक करायची तर पोलिसांना बोलव!" लेस्टर गुरगुरला.

"कशाला? तो अधिकार मलाच आहे. हात पुढे करा, साहेब." मग तिनं मला खुंटीवरून काढून पिशवीत बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी नीट हाताळलं.

कोर्टात लेस्टर दोषी ठरला आणि मिस अर्लीन दोषातून सुटली. ती उठली तेव्हा मान न वळवता सगळं अंगच वळवलं. नदीनच्या ते लक्षात आलं.

"मिस अर्लीन, मान दुखतेय?"

"बस आदळली तेव्हापासून, बाई. त्याच्या मानेचा एवढा गोंधळ चाललेला, माझ्या मानेला कोण विचारतंय?"

मी समोरच्याच टेबलावर होतो. पण मी आता पुरावा! मला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. ती मानेवर हात दाबून दाराबाहेर गेली.

मित्रांनो, दुखत नसताना कधी कण्हू नका. जिला खरंच दुखत होतं, तिच्या गळ्यात मी एक दिवसही पडलो नाही.