माईचा स्वतंत्र अर्ज

माईच्या दोन्ही सुना एकाच घरात राहत होत्या, पण स्वयंपाकघरात त्यांची फडताळं वेगळी होती. चहाची पत्ती वेगळी, साबण वेगळा, रुसवेही वेगवेगळे. थोरली इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करायची. तिचा नवरा, म्हणजे माईचा मोठा मुलगा, वारल्याला बरीच वर्षं झाली होती. धाकटी चष्म्याच्या दुकानात होती. तिचा नवरा जहाजावर नोकरीला. त्याचे पैसे आले तर आले, नाहीतर नुसताच फोन यायचा. दोघींना मुलं होती, खोल्या मात्र दोनच होत्या, एकेकीला एकेक. माई मधल्या बोळकांडीत, घडीच्या खाटेवर झोपायची. रात्री न्हाणीघराकडे जाणारा प्रत्येक जण खाटेला ठेचकाळायचा आणि वर तिलाच म्हणायचा, "माई, जरा पाय आत घ्या ना."

घरमालक एक दिवस स्वतः जिना चढून आला तेव्हाच बातमी चांगली नाही हे दोघींनी ओळखलं. एरवी तो खालूनच हाक मारायचा. भाडं वाढणार होतं, आणि थोडंथोडकं नाही. "परवडत नसेल तर बघा बाबा तुमचं तुम्ही," असं म्हणून तो पाणीसुद्धा न पिता गेला.

मग एका सकाळी दोघी अर्धी रजा टाकून घरांच्या सरकारी कचेरीत गेल्या. तिथली कारकून बाई सर्दीने बेजार होती, पण तिने नीट समजावून सांगितलं. दोन गोष्टी होत्या. आहे त्या घराच्या भाड्याचा काही भाग सरकार भरेल, त्यासाठी एक अर्ज. आणि कमी भाड्याचं सरकारी घर हवं असेल तर त्याची प्रतीक्षा यादी, तिथे वेगळा अर्ज. यादी लांबलचक होती.

"आम्हाला एकत्र नाव नाही का घालता येणार?" थोरलीने विचारलं.

"तुम्ही जावा ना? म्हणजे कुटुंबं दोन, अर्ज दोन. घरात सत्तरीच्या वरचं कुणी आहे का? असेल तर अर्ज पहिल्या गटात जातो, नंबर लवकर लागतो."

"आहेत की! सासूबाई आहेत," दोघी एकदमच म्हणाल्या.

"मग त्या कुणाच्या अर्जावर घालायच्या ते घरी ठरवून या. एका माणसाचं नाव एकाच अर्जावर येतं," असं म्हणून बाईने पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या दिवसापासून माईचा भाव एकदम वधारला. सकाळी थोरलीचा चहा आला, तो संपतो न संपतो तोच धाकटीचा आला. थोरलीने लोकरीचे मोजे आणले. धाकटीने दुकानातून नवी फ्रेम आणली आणि माईच्या नाकावर स्वतःच्या हाताने बसवून पाहिली. "माई, खोलीतच झोपत जा ना आमच्या, तिथे बोळकांडीत वारा लागतो," हे दोघींनी एकाच दिवशी सांगितलं. तो वारा काही नवा नव्हता. गेल्या थंडीत माई खोकून खोकून अर्धी झाली होती. तेव्हा डॉक्टरकडे कुणी न्यायचं यावरून दोघींनी काखा वर केल्या होत्या, आणि शेवटी ती एकटीच बसने जाऊन आली होती.

आठवड्याच्या शेवटी भांडण पेटलं.

"माईंची ट्रंक कुणाच्या खोलीत आहे? माझ्या! म्हणजे त्या माझ्याकडे राहतात," थोरली म्हणाली.

"ट्रंक राहते तुमच्याकडे, जाऊबाई. दुपारी जेवायला कोण वाढतं त्यांना?"

"वाढतेस म्हणजे, झाकून ठेवून जातेस!"

माई बाहेर खाटेवर वाटाणे सोलत होती. भिंत पातळ होती, आणि तिचे कान अजून शाबूत होते. तिला राग आला नाही, उलट थोडं हसूच आलं. पण वाटाणे संपले तरी ती रिकाम्या शेंगा चाचपत बसून राहिली. आधी आईबाप आणि भावंडं, मग नवरा आणि सासर, मग मुलं, मग नातवंडं. शर्टांच्या कारखान्यात जन्मभर काजं-बटणं केली, तिथेही बाकावर खांद्याला खांदा. आतून कडी लावता येईल अशी खोली तिच्या वाट्याला कधी आलीच नव्हती.

सोमवारी दोघी कामावर गेल्यावर तिने पेन्शनचे कागद पिशवीत टाकले आणि कचेरी गाठली.

"कुणाच्या अर्जावर नाव घालायचं, आजी?" कारकून बाईने विचारलं.

"माझ्याच."

बाईने मान वर केली. एकट्या वृद्धांची यादी निराळी होती, आणि त्या मानाने आखूड. एकच खोली मिळायची, पण तळमजल्यावर. "एकट्या राहाल?"

"कधी राहिले नाही बाई. म्हणून तर आलेय."

एका ठिकाणी मात्र घोडं अडलं. माई सध्या तिथेच राहते आणि तिच्या वेगळं राहायला हरकत नाही, असं घराच्या करारावर नाव असलेल्यांनी लिहून द्यायला हवं होतं. करारावर नावं सुनांची होती.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर माईने तो कागद टेबलावर ठेवला. धाकटीने वाचला आणि तिला रडूच फुटलं. "लोक काय म्हणतील? दोन-दोन सुना असून म्हातारीला बाहेर काढलं म्हणतील!"

"लोकांना मी सांगेन काय ते," माई म्हणाली.

थोरलीने कागद उचलला, पुन्हा ठेवला. "आमचं काय चुकलं, माई?"

"चुकलं असं नाही गं. पण महिन्याभरापूर्वी मी या घरात अडगळ होते, आणि आता मी पहिला गट झालेय. मला या दोन्हीचा कंटाळा आलाय."

धाकटीने नाक पुसलं.

"भीती नाही वाटणार?" थोरलीने हळूच विचारलं.

"वाटेल की. कडी लावून घेईन."

थोरलीने आधी सही केली. धाकटीने दुसऱ्या दिवशी, कामावर निघता निघता, चप्पल पायात अडकवतानाच केली.

भांडायला आता काही उरलं नव्हतं, म्हणून दोघी पुन्हा कचेरीत गेल्या. यादीत दोघींची नावं वेगवेगळी लागली, दोन्ही सामान्य गटात, फार मागे. पण घराचा करार एकच असल्यामुळे भाड्याच्या मदतीसाठी एकत्र अर्ज चालतो, हे त्यांना तेव्हा कळलं. त्या अर्जावर घरमालकाचीही सही लागायची. घर तपासायला माणूस येणार म्हटल्यावर तो आढेवेढे घेऊ लागला. न्हाणीघराचं छत गळत होतं आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा धाकटीने तोंडाचा पट्टा सोडला आणि थोरली शेजारी हाताची घडी घालून उभी राहिली. जावांची अशी जोडी त्या जिन्यात पहिल्यांदाच दिसली. छत दुरुस्त झालं. यथावकाश मदतही सुरू झाली आणि दोघींचा जीव भांड्यात पडला. दरवर्षी नव्याने कागद द्यावे लागणार होते, पण पुढचं पुढे.

माईचा नंबर पुढच्या वर्षी लागला. खोली लहानच होती. एक खिडकी, एक ओटा, भिंतीला ओल नाही. सामान लावून सगळे गेले तशी तिने दार लावलं आणि खुर्चीवर बसली. वाटलं होतं तसा आनंद काही झाला नाही. कानात नुसतं सुंसुं होत राहिलं. पहिले काही दिवस जरा खुट्ट झालं की ती दचकून जागी व्हायची. एकदा तर परत जावं असंही मनात आलं, पण ते तिने कुणाला सांगितलं नाही. मग हळूहळू झोप लागायला लागली. मनात येईल तेव्हा जेवायचं, मनात येईल तेव्हा दिवा घालवायचा, याची गोडी तिला सावकाश लागली.

सुना येत, बहुतेक वेळा वेगवेगळ्या. यादीत थोरलीचा नंबर थोडा सरकला होता, धाकटीचा होता तिथेच. त्यावरून दोघींची कुरबुर चालूच होती, आणि प्रत्येकीची तक्रार माईला वेगळी ऐकावी लागायची.

एका दुपारी थोरली धुलाईखान्यातून परस्परच आली. चेहरा वाफेने लाल झाला होता, पाय सुजले होते. चहा ठेवते म्हणून माई उठली.

"चहा राहू द्या. माई, जरा पडू का इथे? घरी गेलं की लगेच सगळे मागे लागतात."

"पड की. विचारतेस काय?"

माई कप विसळून वळली, तोवर थोरलीला गाढ झोप लागली होती. पिशवी अजून खांद्यालाच होती. माईने ती हलकेच काढून खाली ठेवली, खिडकीचा पडदा ओढला आणि आवाज न करता खुर्ची दाराशी नेऊन बसली.